पर्वतीवर भेटलेल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

त्या रविवारी तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं उघड पत्र. खूण सांगते: सकाळी साडेसहाला कठड्याशी उभी राहून, सिंहगडाच्या टीव्ही टॉवरवर कॅमेरा रोखून स्वतःशीच चिडचिड करणारी ती मी.

लेन्स जुन्या बाजारात घेतलेली, हेलिओस ४४-२. ५८ मिमी, एफ २, सोव्हिएत काळातली. मिररलेस कॅमेऱ्यावर अडॅप्टर (लेन्स आणि कॅमेरा जोडणारं कडं) लावून वापरत होते. जवळची फुलं, माणसं झकास यायची. लांबचं काहीही काढलं की दुधात बुडवल्यासारखं. आधी चष्म्याचा नंबर तपासून आले. एका दुकानात तर "बुरशी आहे, टाकून द्या" म्हणाले.

तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, "ॲपर्चर कितीवर?" मी म्हटलं आठ, म्हणजे लेन्सचं भोक बारीक. "अगं, मग फोकसचा दोष झाकला जाणारच. दोनवर उघड." मग स्क्रीनवरच्या त्या लाल कडा, फोकस जुळला की कॅमेरा दाखवतो त्या. मी या फोकस पीकिंगवर डोळे मिटून विश्वास ठेवत होते. "ते अंदाजपंचे असतं," म्हणत तुम्ही ते बंद करायला लावलंत आणि टॉवर मोठा करून बघायला सांगितलंत.

तेव्हा खरं कळलं. मी फोकसची रिंग फिरवत गेले, टॉवर स्पष्ट होत गेला, होत गेला, आणि टक्! रिंग संपली. फोकस अजून यायचाच होता.

त्यानंतरचं तुमचं गणित मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलंय. हेलिओससारख्या एम ४२ (आट्यांनी बसणाऱ्या) लेन्सच्या बैठकीपासून सेन्सर ४५.४६ मिमीवर हवा. माझ्या सोनी कॅमेऱ्याच्या ई माउंटपासून (लेन्स बसते ती जागा) सेन्सरचं अंतर १८ मिमी. म्हणजे अडॅप्टर २७.४६ चा हवा. त्यात एक दशांश मिमी, वहीच्या एका पानाएवढी जाडी जास्त पडली, तरी या लेन्सचा फोकस साधारण ३३ मीटरवरच अडतो. सिंहगड तिथून सरळ रेषेत सतरा-एक किलोमीटर! दोन महिने मी एका कागदाशी भांडत होते.

मग खिशातून चष्म्याचा तो इवलासा स्क्रू ड्रायव्हर निघाला (असा स्क्रू ड्रायव्हर खिशात घेऊन पर्वती चढणारा माणूस पुण्यातच भेटायचा). रिंगचे तीन बारीक स्क्रू सैल, टॉवर टोकदार होईपर्यंत आतली लेन्स फिरवायची, रिंग अनंताच्या (सगळ्यात लांबच्या फोकसच्या) खुणेवर धरायची, स्क्रू पुन्हा घट्ट. हे सगळं तुम्ही स्वतः पाच मिनिटांत उरकलं असतंत. पण कॅमेरा माझ्याच हातात ठेवलात, आणि माझा हात थरथरला तेव्हा फक्त "सावकाश, स्क्रू पडला तर खाली १०३ पायऱ्या आहेत" एवढंच म्हणालात. त्याबद्दल सगळ्यात जास्त आभार.

जाता जाता स्टॅबिलायझेशनमध्ये, म्हणजे हाताची थरथर सावरणाऱ्या सोयीत, ५८ च्या जवळचा आकडा भरायला सांगितलात, तेही केलं. कॅमेऱ्याला जुनी लेन्स ओळखू येत नाही, तो बिचारा २४ धरून बसला होता.

टॉवरच्या फोटोची प्रिंट काढून ठेवलीय. अजूनही दर रविवारी साडेसहाला त्याच कठड्याशी असते. प्रिंट पिशवीतच आहे.

तुमची,
हेलिओसवाली