तुरळक पाऊस नव्हे, तुरळक ठिकाणी पाऊस

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हवामान खात्याच्या अंदाजात 'तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता' असे शब्द असताना मथळ्यात 'जिल्ह्यात तुरळक पाऊस' असे छापले जाते, तेव्हा एकच शब्द गळतो आणि अर्थ पार उलटा होतो. गेल्या ऑक्टोबरात आमच्या शेजाऱ्याने असाच मथळा वाचून कापलेल्या सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री अर्धीच ओढली. "चार थेंब पडतील, सर," असे तो मला म्हणाला. संध्याकाळी विजांच्या कडकडाटासह तासभर पाऊस कोसळला आणि पाणी गंजीत शिरले. चार दिवसांनी मी आत हात घातला, तर शेंगा कोमट लागत होत्या आणि काही दाण्यांना मोड आले होते. तो मथळा कोणत्या दैनिकाचा होता हे गौण आहे, कारण ही सवय सर्वत्र दिसते.

'तुरळक' हे विशेषण पावसाचे नाही, ठिकाणांचे आहे. एखाद्या भागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल, तर हवामान खाते 'तुरळक ठिकाणी' म्हणते. २६ ते ५० टक्क्यांना 'काही ठिकाणी', ५१ ते ७५ टक्क्यांना 'बऱ्याच ठिकाणी' आणि त्यापुढे 'बहुतांश ठिकाणी' असे शब्द येतात. त्या ठिकाणी किती पाऊस पडेल, याविषयी हे शब्द काहीही सांगत नाहीत. त्याचे मोजमाप निराळे आहे : २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार आणि त्याच्याही वर अत्यंत मुसळधार. म्हणून 'तुरळक ठिकाणी अतिमुसळधार' या शब्दांत कोणताही विरोधाभास नाही. चारपैकी तीन गावे कोरडी राहतील आणि चौथ्या गावाचा ओढा पुलावरून वाहील, असाच त्याचा अर्थ असू शकतो. मुंबईकरांना हे समजावून सांगावे लागू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा त्याच शहरातील कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर नोंदला गेला होता.

मी भूगोल शिकवत असे. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक होते आणि पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठ वाजता नरसाळे बाजूला करून बाटलीतले पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचे, डोळे पाण्याच्या पातळीला आणून आकडा वाचायचा, हे काम मुले आळीपाळीने करीत. साडेआठचीच वेळ का, हा त्यांचा पहिला प्रश्न असे. देशभरात नोंद त्याच वेळी होते, त्यामुळे एका तारखेला नोंदलेला पाऊस बहुतांशी आदल्या दिवशीचा असतो. बातमीत 'काल' आणि 'आज' यांचा घोळ होतो तो येथेच. मिलिमीटर हा शब्द मात्र मुलांना पोकळ वाटे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे सांगितले की त्यांचे चेहरे बदलत. या हिशेबाने ६५ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे साडेसहा हजार लिटर पाणी. असे सांगितले, तर शेतकऱ्याला बांध फोडावा की नाही हे वेगळे सांगावे लागत नाही.

हाच ६५चा आकडा आणखी एक गोंधळ घडवतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला की नुकसानभरपाईच्या कामासाठी ती 'अतिवृष्टी' ठरते. हवामान खात्याच्या मोजपट्टीवर मात्र ६५ मिलिमीटर पाऊस केवळ 'मुसळधार' असतो. दोन खात्यांचे दोन शब्द एकाच बातमीत सरमिसळ होऊन येतात आणि 'अतिवृष्टी झाली, मग अंदाजात अतिमुसळधार का नव्हते' असा आरोप होतो. 'ढगफुटी'चेही तेच. लहानशा क्षेत्रात तासाभरात सुमारे १०० मिलिमीटर पाऊस झाला तर तो शब्द वापरावा. हल्ली प्रत्येक जोरदार सर 'ढगफुटीसदृश' होते आणि खऱ्या ढगफुटीसाठी शब्दच उरत नाही.

हवामान खात्याच्या इशाऱ्यांच्या रंगांविषयीही थोडे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग ठरवताना पावसाच्या आकड्याबरोबर त्याची शक्यता आणि संभाव्य परिणामही पाहिले जातात, म्हणून रंग म्हणजे पावसाची मोजपट्टी असे छापू नये.

माझी विनंती एवढीच आहे की मथळ्यासाठी जागा कितीही अपुरी असली तरी 'ठिकाणी' हा शब्द कापू नये, आणि जून ते ऑक्टोबर या काळात सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांखाली वरील चार शब्द व तीन आकडे रोज छापावेत. चार ओळींची जागा पुरेल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक