जुना फोन देताना खाते बदला

१६ वर्षांखालील मुलांच्या समाजमाध्यम खात्यांना मज्जाव करणारा ऑस्ट्रेलियाचा कायदा १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला, त्याचे स्वागत. जबाबदारी आणि दंड कंपन्यांवर ठेवला, मुलांवर वा पालकांवर नाही, हे विशेष. आपल्या २०२३च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. मात्र आपल्याकडे अनेक मुलांच्या हाती पहिला फोन येतो तो आईबाबांचा जुना, त्यांच्याच गूगल खात्यासह. मग फोनच्या लेखी ते मूल चाळिशीचे! वयानुसार गाळणी लागणार कशी? मुलाच्या खऱ्या जन्मतारखेचे खाते उघडून ते ‘फॅमिली लिंक’ या गूगलच्या पालकांसाठीच्या ॲपने स्वतःच्या फोनशी जोडले, की नवे ॲप आणि वापराची वेळ पालकांच्या परवानगीने ठरते. हे शाळेच्या पालकसभेतच करून दाखवावे.

– एक पालक, सातारा