बडोद्याचे दोन दिवस

पुणे, २४ नोव्हेंबर

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तू आणि वहिनी भाचीच्या लग्नासाठी बडोद्याला जाणार आहात आणि लग्न आटोपल्यावर पुरते दोन दिवस तुमच्या हाताशी उरणार आहेत, हे वाचून फार आनंद झाला. मात्र ‘लक्ष्मीविलास राजवाडा सोडला तर तिथे पाहण्यासारखे काय आहे?’ हा तुझा प्रश्न मनाला लागला. नोकरीच्या निमित्ताने मी सहा वर्षे त्या शहरात काढली आहेत. तेव्हा उत्तर जरा सविस्तर लिहितो.

राजवाडा तुम्ही पाहालच, कारण वऱ्हाडी मंडळी तुम्हाला तिथे नेल्यावाचून राहणार नाहीत. माझे सांगणे एवढेच की हाताशी असलेले दोन दिवस त्यात घालवू नका. तुझ्या मालेगावजवळच्या कवळाणे गावातला बारा वर्षांचा गोपाळ १८७५ साली बडोद्याच्या गायकवाड राजघराण्यात दत्तक गेला आणि महाराज सयाजीराव झाला. त्याने पुढे प्रजेसाठी जे उभे केले ते राजवाड्याच्या आवाराबाहेर शहरभर विखुरलेले आहे आणि बाहेरगावचे पाहुणे तिकडे सहसा फिरकत नाहीत.

पहिल्या दिवशी सकाळी कमाटीबागेत जा. पाट्यांवर ‘सयाजीबाग’ असे नाव असले तरी रिक्षावाल्याला कमाटीबाग म्हटलेलेच पटकन कळते. स्टेशनापासून ती इतकी जवळ आहे की थंडीच्या सकाळी पायी जाणेच चांगले. १८७९ साली ही बाग लोकांसाठी खुली झाली. तिथली फुले आणि झाडे तुम्ही पाहालच, पण मी तुम्हाला पाठवतो आहे ते विश्वामित्रीच्या पुलावर. भर शहरातून वाहणाऱ्या या नदीत शेकडो मगरी राहतात, आणि थंडीचे दिवस हेच त्यांना पाहण्याचे खरे दिवस, कारण रात्रभर गार पाण्यात राहिलेला हा थंड रक्ताचा प्राणी ऊन वर आले की अंग तापवण्यासाठी काठावर येऊन पडतो. प्रथम तुला चिखलात रुतलेला ओंडकाच दिसेल. घाई करू नकोस, कठड्याला टेकून पाच मिनिटे तिकडेच पाहत राहा. मग त्या ओंडक्याच्या पाठीवरचे खवल्यांचे कंगोरे दिसू लागतील, नंतर उघडा ठेवलेला जबडा आणि त्यातला फिकट पिवळसर रंग दिसेल. पुलावरून मागे शाळेची मुले आणि दूधवाले जात असतात. माणसांच्या इतक्या निकट हे जनावर निवांत पडलेले पाहून मला दर वेळी नवल वाटले.

त्याच बागेत आणखी एक जागा आहे, तिथे गेल्यावाचून पुढे जाऊ नकोस. महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी बडोद्यात आले, तेव्हा त्यांना शहरात राहायला कोणी जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढल्यावर परतीची गाडी येईपर्यंतचे तास त्यांनी याच बागेत बसून काढले. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात. ज्या राजाच्या कामाचे मी इतके कौतुक करतो त्याच्याच राजधानीत हे घडले, हे मला कधीही विसरता आलेले नाही, आणि बडोदे पाहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने तिथे क्षणभर थांबावे असे मला मनापासून वाटते.

उन्हे तापू लागली की बागेतल्याच संग्रहालयात जा. ही इमारत १८९४ मध्ये पुरी झाली. इजिप्तमधली ममी आणि देवमाशाचा प्रचंड सांगाडा यांच्याभोवती नेहमी गर्दी असते, पण तुम्ही अकोट्याच्या जैन धातुमूर्ती शोधून काढा. विश्वामित्रीपलीकडचे अकोटा आता शहराचेच एक उपनगर झाले आहे. तिथे १९५१ च्या सुमारास जमिनीखालून हा मूर्तींचा ठेवा निघाला आणि त्यातल्या काही मूर्ती पाचव्या-सहाव्या शतकांइतक्या जुन्या आहेत. हातात चवरी घेतलेली एक उभी स्त्री त्यांत आहे. तिच्या कमरेचा हलका बाक आणि वस्त्राच्या चुण्या पाहताना हे ओतीव धातूचे काम आहे हे विसरायला होते.

तिथून जवळच, नदीच्या पुलापाशी, कीर्तिमंदिर आहे. गायकवाड घराण्यातल्या दिवंगतांच्या स्मरणार्थ ते बांधलेले आहे, आणि बाहेरून पाहून लोक पुढे निघून जातात. आत मात्र नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात रंगवलेली भित्तिचित्रे आहेत. गंगावतरणाची भिंत उत्तमच आहे, तरी मला मीराबाईची भिंत अधिक आवडते. दार बंद असण्याचा संभव असतो, म्हणून यजमानांकडून आदल्या दिवशी चौकशी करवून घे.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा दुपारीच पाहायचा, आणि तोही दोनच्या आत. माझी पहिली खेप पूर्ण वाया गेली होती, कारण मी डिसेंबरातच संध्याकाळी पाच वाजता तिथे पोहोचलो आणि आत इतका अंधार दाटला होता की भिंतींवर काही रंगवलेले आहे एवढेच कळले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा लाकडी वाडा आता पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. गल्लीतून पाहिले तर जुना, काहीसा थकलेला वाडा वाटतो, पण अरुंद जिना चढून वर गेलास की भिंती, दारे आणि छत सगळे चित्रांनी भरलेले आहे. कृष्णलीला आहेत, महाभारतातले प्रसंग आहेत आणि इंग्रज व मराठे यांच्या लढाईचीही चित्रे आहेत. खिडकीतून उन्हाची तिरीप भिंतीवर पडते आणि तेवढाच भाग उजळतो; ती सरकते तशी एकामागून एक चित्रे दिसू लागतात. वहिनींना सांग, पगड्या आणि लुगडी नेसण्याची तऱ्हा नीट पाहा, आपल्या पणजीच्या काळातला मराठी घरचा पेहराव गुजरातेतल्या एका वाड्याच्या भिंतीवर टिकून राहिला आहे. मी सहा वर्षांत त्या वाड्यात किमान वीस वेळा गेलो असेन, तरी सारी चित्रे पाहून झाली असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

वाड्यातून उतरलात की शेजारीच दांडियाबाजार आहे. त्या भागात चालताना मधूनच मराठी कानावर पडते, तिच्यात गुजराती शब्द सहज मिसळलेले असतात. बडोदे संस्थानात १८९३ ते १९०६ नोकरी करणाऱ्या अरविंद घोषांचे घर तिथे आहे आणि शांत बसण्यासाठी ती उत्तम जागा आहे. अंगात त्राण उरले असेल तर लहेरीपुरा दरवाजातून मांडवीकडे जा आणि मध्यवर्ती ग्रंथालय बाहेरून तरी पाहा. १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून महाराजांनी गावोगावी मोफत वाचनालये आणि पेट्यांमधून फिरणारी ग्रंथालये सुरू केली, त्या कामाचे केंद्र ते. आत जाता आले तर पुस्तकांच्या मजल्यांवरची काचेची जमीन पाहायला चुकू नकोस. खालच्या मजल्यापर्यंत उजेड पोहोचावा म्हणून ती तशी केली आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी करून वढवाण्याला जा. डभोई तालुक्यातला हा तलाव शहरापासून साधारण पन्नास किलोमीटरवर आहे. शेतीच्या पाण्यासाठी गायकवाडांच्या राज्यात तो बांधला गेला आणि २०२१ साली त्याचा रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, समावेश झाला. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस तिथे थंडीभर राहतात. डोक्याच्या मागच्या बाजूस दोन काळे पट्टे दिसले की तोच तो. सूर्य वर येऊन धुके विरू लागते तेव्हा थव्यातला एखादा ओरडतो, मग दुसरा, आणि बघता बघता शेकडो पंख पाण्यावरून एकदम उठतात. दुर्बीण नसेल तर माझी घेऊन जा, मी कुरियरने पाठवतो.

परतताना डभोईत तासभर थांबून तेराव्या शतकातली हिरा भागोळ ही कोरीव वेस पाहा. याच परिसरात १७३१ साली पहिल्या बाजीरावांनी सेनापती त्र्यंबकराव दाभाड्यांचा पराभव केला. त्या लढाईत दाभाडे पडले, आणि त्यांच्या बाजूने लढलेल्या गायकवाडांचा गुजरातेतला जम पुढे बसत गेला, असा तो सारा धागा आहे. तुला इतिहासाची आवड आहे, म्हणून मुद्दाम लिहिले.

खाण्याविषयी थोडक्यात सांगतो. सकाळी सेवउसळ खा, दुपारी घरगुती उंधियु मिळाले तर सोडू नका, आणि येताना माझ्यासाठी अर्धा किलो लीलो चिवडो आण. पहाटे आणि रात्री गारठा चांगलाच असतो, तेव्हा वहिनींना शाल बरोबर घ्यायला सांग. वढवाण्याला तर कानटोपीही लागेल.

परतीच्या गाडीची वेळ नक्की झाली की कळव. दुर्बीण मी याच आठवड्यात पाठवतो. मुलांना आशीर्वाद, आणि वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
वसंत