जपानला निघण्याआधी जेवणाबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

तिकिटं, व्हिसा, गरम कपडे यावर फोनवर बोलून झालं. खाण्याचं मात्र फोनवर जमत नाही. बाबा अर्धंच ऐकतात आणि आई "बघू तिथे आल्यावर" म्हणते. मी दिवसभर ऑफिसात असेन आणि क्योतोला तुम्ही दोघंच जाणार, म्हणून लिहून पाठवतेय. प्रिंट काढून आईच्या पर्समध्ये ठेवा.

आई, तू शाकाहारी, म्हणून आधी तुझं. इथे मासा ताटात दिसत नाही, तो पाण्यात असतो. कात्सुओ नावाचा ट्यूनाच्या जातीचा मासा धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा कडक करतात. मग रंधा मारल्यासारखे त्याचे पातळ काप काढतात. ते गरम पाण्यात घालून गाळलं की झाली 'दाशि'. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं) सूप, उदोन आणि सोबा या नूडल्सचा रस्सा, तेंपुरा म्हणजे इथल्या भज्यांबरोबरची चटणी, शिजवलेल्या भाज्या, सगळ्यात बहुधा तीच. तुकडा एकही नसतो, त्यामुळे "यात मासा आहे का?" विचारलंस तर वाढणारी मुलगी अगदी प्रामाणिकपणे "नाही" म्हणेल. 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर बरेच जण फक्त मटण-चिकन वगळतात. अ‍ॅलर्जीच्या तक्त्यावरही विसंबू नकोस. पॅकबंद पदार्थांवर अंडं, दूध, गहू, शेंगदाणे, कोळंबी, खेकडा यांची नोंद कायद्यानं बंधनकारक आहे, माशाची नाही.

तेव्हा पदार्थाबद्दल विचारू नकोस, रश्शाबद्दल विचार. हे वाक्य पाठ कर: "निकु तो साकाना गा ताबेरारेमासेन. कात्सुओ-दाशि मो दामे देसु." म्हणजे मांस आणि मासे चालत नाहीत, कात्सुओची दाशिही नको. जपानीत लिहिलेलं कार्ड मी तुझ्या फोनवर पाठवलंय, तेच दाखवलेलं बरं. कोंबु या समुद्री शेवाळाची दाशि मात्र तुला चालेल.

हे बसल्या बसल्या, ऑर्डर देण्याआधी दाखवायचं. आपल्याकडे "जरा कांदा काढून द्या हो" म्हटलं की देतात, इथे ताट आल्यावर बदल करत नाहीत. तुमच्या क्योतोच्या र्‍योकानमध्ये (पारंपरिक जपानी लॉजमध्ये) रात्रीचं जेवण दहा-बारा छोट्या वाट्यांचं असतं आणि त्याची तयारी आधीपासून होते. तिथे आईचं शाकाहारी आणि बाबांचं कमी गोड, कमी मिठाचं असं मी बुकिंगच्या वेळीच कळवलंय. पोचल्यावर कार्ड एकदा पुन्हा दाखवा.

बिनधास्त खाण्यासारखं: एदामामे (उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा), साधा भात, काकडीची कप्पा-माकी (भात आणि काकडीची गुंडाळी). थंड तोफूवर (सोयाबीनच्या पनीरवर) फडफडणारे तपकिरी काप दिसले तर तेच ते कात्सुओ, वार्‍यानं हलतात. इनारी सुशी (तोफूच्या पिशवीत भरलेला भात) दिसायला निरागस, पण तिची तोफूची पिशवी बहुधा दाशितच शिजवतात. नात्तो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, ते शाकाहारी, पण सोबतच्या सॉसच्या पुडीत सहसा माशाचा अर्क असतो. ती पुडी बाजूला ठेव आणि मोहरी तेवढी घे. नात्तोचा वास आणि तार बघून तू तो खाशील असं मला वाटत नाही, ते वेगळं. भातावर भुरभुरवायच्या फुरिकाकेतही मासा असतो. आपलं मेतकूट आण.

सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट ही कोन्बिनी म्हणजे छोटी दुकानं कोपर्‍याकोपर्‍यावर आहेत. तिथे ओनिगिरी म्हणजे भाताचा त्रिकोण मिळतो. नुसत्या मिठाचा, 'शिओ', सगळ्यात सुरक्षित. उमे म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा घेतलास तर फोनच्या कॅमेर्‍यानं लेबल वाचून कात्सुओ नाही ना ते बघ. कागदावर १, २, ३ असे आकडे असतात. १ ची पट्टी टोकाकडून खाली ओढून मागून पूर्ण काढायची, मग २ चा कोपरा आणि ३ चा कोपरा बाजूला ओढायचा. नोरीचं (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं) पान दोन प्लास्टिकच्या मध्ये कोरडं ठेवलेलं असतं. घाईनं मधूनच फाडलं की पान कागदात अडकून राहतं आणि हातात नुसता भात येतो.

बाबा, आता तुम्ही. तुम्हाला मासे चालतात, त्यामुळे चैन आहे. पण रामेनचा (नूडल्सच्या सूपचा) रस्सा संपवू नका, तुमच्या बीपीला एका वाडग्यातलं मीठ पुरे होईल. मोची म्हणजे कुटलेल्या भाताचा गोळा. ती दिसली की हात जातो, पण ती चिकट असते. दर नववर्षाला इथे म्हातार्‍या माणसांच्या घशात मोची अडकते आणि अग्निशमन दल तसा इशारा देतं. तुमची कवळी आहे, तेव्हा नखाएवढे तुकडे करून, चहाबरोबर, नाहीतर नकोच. गोड मोचीच्या आत लाल चवळीसारख्या अझुकीचं पुरण असतं, साखर भरपूर.

जेवणाच्या वेळा पाळा. दुपारचं साडेअकरा ते दोन. मग बरीच हॉटेलं थेट साडेपाच-सहाला उघडतात. तीनला भूक लागली तर कोन्बिनीशिवाय पर्याय नाही आणि बाबांच्या गोळीचं गणित बिघडतं. काही ठिकाणी दारातच तिकिटाचं यंत्र असतं: आधी पैसे, मग बटण, मग चिठ्ठी आत द्यायची. जुन्या यंत्रांना हजार येनचीच नोट चालते, सुट्टे ठेवा. दोघांत एकच पदार्थ मागवू नका, कॅफेत माणशी एक तरी मागवणं अपेक्षित असतं.

चॉपस्टिक्सच्या दोनच गोष्टी खरंच जपायच्या. भातात उभ्या खुपसायच्या नाहीत, मृताला भात वाढतात तेव्हा तसं करतात. आणि एकाच्या काड्यांतून दुसर्‍याच्या काड्यांत घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी अशाच उचलतात. आईला आग्रहाची सवय आहे, तिनं वाटी पुढे करावी. जमलं नाही तर "फोकु" मागा, कुणी हसत नाही. वाटी हातात उचलून सूप तोंडाला लावायचं असतं, नूडल्स सुर्र करून खाल्लेल्या चालतात. ढेकर मात्र चालत नाही, बाबा. नाक शिंकरायचं तर उठून बाहेर. ओला टॉवेल मिळतो तो हातांसाठी, तोंड पुसायला नाही. बोलवायचं तर टेबलावरचं बटण दाबा किंवा "सुमिमासेन" म्हणा. टिप ठेवू नका, विसरलात समजून मागे धावत येतील. पैसे हातात न देता ट्रेमध्ये ठेवायचे. पाणी बर्फाचं येतं, गरम हवं तर "ओयु".

चालता चालता खाणं बरं दिसत नाही. क्योतोच्या निशिकी बाजारात तर तशी विनंतीच आहे, जिथे घेतलं तिथेच उभं राहून खा. शिंकान्सेनमध्ये (बुलेट ट्रेनमध्ये) डबा उघडा, शहरातल्या लोकलमध्ये नको. १९९५ च्या मेट्रोतल्या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर रस्त्यांवर कचरापेट्या फार कमी आहेत, म्हणून एक पिशवी जवळ हवी.

तोक्यो स्टेशनात गेटच्या आत टीज तानतान नावाचं हॉटेल आहे, पूर्ण व्हीगन रामेन. कांदा-लसणाचं तेवढं विचारून घे. अराशियामाला तेन्र्यूजी मंदिरात शिगेत्सु हे भोजनालय आहे. तिथलं शोजिन र्‍योरी हे बौद्ध भिक्षूंचं जेवण, त्यात कांदा-लसूणही नाही, म्हणजे चातुर्मासाचा नेम शाबूत. फक्त दुपारी असतं, बागेचं तिकीट वेगळं. बसायचं जमिनीवर, म्हणून आईच्या गुडघ्यांसाठी "इसु" (खुर्ची) आहे का विचारा. बूट काढावे लागतात, मोजे धड घाला.

कार्तिकी एकादशी क्योतोतच येतेय. सुपरमार्केटमध्ये भाजलेलं रताळं, याकिइमो, गरमागरम मिळतं. केळी आणि दूधही मिळेल.

सामानात ताजी फळं, भाजी, कढीपत्ता, कच्चं धान्य किंवा डाळ नको, विमानतळावरच अडवतील. मांसाचा कुठलाही पदार्थ नको. भाजलेलं, पॅकबंद चालेल: शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, खाकरे. बाबांची औषधं महिन्याभरापेक्षा जास्त नकोत, चिठ्ठी सोबत ठेवा आणि सर्दीच्या गोळ्या तिकडून आणू नका. त्यातली काही इथे बंद आहेत.

शिगेत्सुचं कुठल्या दिवशी जमेल ते परवापर्यंत कळवा, मी मागणी नोंदवून ठेवते.

तुमची,
मनू