विलीजच्या पुढच्या ब्रेकबद्दल

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

बाबा, आपल्या विलीज जीपला, सीजे-थ्रीबीला, पुढे ड्रमऐवजी डिस्क ब्रेक बसवायचा तुमचा बेत पक्का झालाय, तर बसवा. ओढ्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी आणि गाळ राहतो, मग पहिले चार-दोन ब्रेक फुकट जातात आणि गाडी एका बाजूला ओढते. डिस्कवर पाणी टिकत नाही. पण डिस्क आणि कॅलिपर (डिस्कला दोन्हीकडून पॅडनी आवळतो तो) चढवणं हे त्यातलं सोपं काम. अवघड काम फ्लोअरखाली आहे, पेडल दाबलं की लाइनमध्ये ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरपाशी.

ड्रममध्ये पुढचा शू (ड्रमला आतून घासणारी कमान) चाकाच्या फिरण्यानं आपोआप आवळला जातो, पायाला तेवढी मदत मिळते. डिस्कमध्ये ती मदत नाही. म्हणून नुसती डिस्क बसवली की पेडल दगडासारखं कडक लागतं. तुमच्या गुडघ्यांचा विचार करता व्हॅक्यूमवर चालून पायाचा जोर वाढवणारा बूस्टर घ्याच. हरिकेन पेट्रोल इंजिन असेल तर मॅनिफोल्डमधून, म्हणजे इंजिनात हवा ओढणाऱ्या नळ्यांमधून, व्हॅक्यूम मिळतो. डिझेल इंजिन बसवलेलं असेल तर मॅनिफोल्डचा उपयोग नाही, व्हॅक्यूम पंप जोडलेला आल्टरनेटर लागेल.

मास्टर सिलिंडर दोन सर्किटचा घ्या. मूळचा एकाच सर्किटचा आहे, एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) निवडताना हा हिशोब करा: कॅलिपरचा पिस्टन ५४ मिमीचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे २३ चौ. सेंमी. तो १ मिमी सरकायला २.३ सीसी ऑइल लागतं, डावं-उजवं चाक मिळून ४.६. एक इंची मास्टर सिलिंडर दर सेंटिमीटरला साधारण ५ सीसी देतो, म्हणजे तिथे ९ मिमीची चाल गेली, आणि पेडलचं गुणोत्तर ६:१ असेल तर पायाखाली साडेपाच सेंटिमीटर. बेअरिंग सैल राहिलं किंवा डिस्क डगमगली तर पॅड तेवढेच मागे ढकलले जातात आणि पेडल खाली जातं. लोक अशा वेळी उगाच हवा काढत बसतात.

सिलिंडर फ्लोअरखालीच ठेवला तर तो कॅलिपरच्या खालच्या पातळीवर येतो आणि ऑइल मागे उतरतं. त्यासाठी पुढच्या लाइनमध्ये २ पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनमध्ये थोडा दाब राखून ठेवणारा) लावा, मागच्या ड्रमला १० चा. ड्रमसाठीच्या सिलिंडरच्या, पुढच्या ब्रेककडे जाणाऱ्या आउटलेटमध्ये १० चा व्हॉल्व्ह आतच असेल तर तो काढा, नाहीतर पॅड सुटणार नाहीत आणि डिस्क तापत राहील.

आता खोलण्याबद्दल. मागच्या दोन्ही चाकांना लाकडी ठोकळे लावा आणि पुढचा अ‍ॅक्सल स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. हँडब्रेक ट्रान्सफर केसमागच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीमागच्या) ड्रमवर आहे, तो मागच्या प्रॉपेलर शाफ्टला धरतो, म्हणून मागचं एक चाक उचललं तरी गाडी सरकते. डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असू शकतात, स्टडवर 'एल' आहे का पाहा. जुन्या लायनिंगच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. हवा मारू नका, पाणी शिंपडून ओल्या फडक्यानं पुसा.

हब आणि बॅकप्लेट (शू बसतात ती मागची पत्र्याची तबकडी) काढली की किंगपिनमधला, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या पिनमधला, खेळ आधी बघा. तो असेल तर ब्रेक दाबताच स्टीअरिंग थरथरेल, आणि दोष डिस्कवर जाईल. स्पिंडल, म्हणजे हब ज्यावर फिरतो तो, सहा बोल्टनी बसतो. कॅलिपरचं ब्रॅकेट तिथेच येतं, आणि गफलत होते ती इथेच. बॅकप्लेटची जाडी आणि ब्रॅकेटची जाडी व्हर्नियरनं मोजा. ब्रॅकेट बॅकप्लेटपेक्षा ७ मिमी जास्त जाड निघालं तर स्पिंडल ७ मिमी बाहेर जातो, हबवरच्या ड्राइव्ह फ्लॅंजमध्ये शाफ्टचे स्प्लाइन (टोकावरचे दाते) तेवढे कमी अडकतात आणि बोल्टही आखूड पडतात. स्पिंडलच्या बसण्याच्या जागी लेथवर खाच काढलेलं ब्रॅकेट घ्या. बोल्ट मूळच्या इंची आट्यांचेच घ्या, ग्रेड ८ चे. नकलवर (स्पिंडल ज्याला बसतो त्या वळणाऱ्या भागावर) वेल्डिंग अजिबात नको, कुणी कितीही सोपं सांगितलं तरी.

डिस्क चढवल्यावर डायल गेजनं डगमग मोजा. ०.१ मिमीच्या आत असावी. जास्त असेल तर हबच्या तोंडावरचा गंज घासा, बहुतेकदा तेवढ्यानं भागतं. १५ इंची रिम असेल तर कॅलिपर रिमला घासू शकतो. होज जोडण्याआधी चाक लावून हातानं फिरवा, चहूकडे ३ मिमी मोकळी जागा हवी.

आटे मिसळू नका. जुन्या पाइपचे नट बहुधा ३/८ इंची, इंचाला २४ आट्यांचे. नवीन कॅलिपरच्या होजकडे बहुतेक १० मिमी, १ पिच. ३/८ चा इंची नट १० मिमीच्या भोकात सैलसर जातो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो, आणि जोरात ब्रेक दाबला की आटे सुटतात. होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बॅंजो बोल्टला दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वॉशर. स्टीअरिंग पूर्ण वळवून आणि चाक पूर्ण लोंबतं ठेवून होज कुठे घासतो का पाहा.

कॅलिपर डावे-उजवे आहेत. अदलाबदल झाली तर लाइनमधली हवा काढायचा निपल खाली येतो आणि हवा कधीच निघत नाही.

आई, हवा काढताना पेडलवर तूच बस. बाबा "दाब" म्हणाले की हळू दाबून धरायचं, निपल बंद होईपर्यंत पाय सोडायचा नाही. आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. ऑइल डॉट ३ किंवा ४, नव्या बाटलीतलं. निघालेलं ऑइल पुन्हा टाकायचं नाही, आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवायचं.

मागच्या लाइनला कमी-जास्त करता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब आवरणारा) हवाच. मोकळ्या मैदानात ३० च्या वेगाला ब्रेक दाबून बघा. मागची चाकं आधी अडकली तर मागचा दाब कमी करा, नाहीतर पावसात गाडी गोल फिरेल. नवे पॅड बसायला पन्नासच्या वेगावरून पंधरापर्यंत साधे वीसेक ब्रेक मारा, मध्ये थंड होऊ द्या.

विमा कंपनीला लेखी कळवा आणि आरटीओत आधी विचारा, दोन्ही काम सुरू करण्यापूर्वी. ब्रॅकेटची जाडी आणि रिमचा आकार मोजून मला कळवा, मग होजची लांबी सांगते.

तुमची,
शुभा