आबांच्या उरलेल्या २२ गोळ्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

काल रात्री पावणेबाराला शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. "आबांच्या गोळ्या उरल्यात का गं? एखादी तरी?" काकांना घशाचा कॅन्सर आहे. त्यांचं कण्हणं आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतं.

माझ्याकडे गोळी नव्हती. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तेरावं झाल्यावर त्या २२ गोळ्या घेऊन मी एसटीने १९० किलोमीटर गेले, जिथून आणल्या होत्या तिथे मोजून परत केल्या, वहीत सही केली. लेखी सूचना तशी होती आणि ती मी पाळली. काल काकूंना "नाहीत" म्हणताना मात्र मला स्वतःची लाज वाटली. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

साहेब, या गोळ्या मॉर्फिनच्या, अफूपासून बनणाऱ्या, कॅन्सरच्या असह्य वेदनेवरच्या. १० मिलिग्रॅमची एक, दर चार तासांनी, म्हणजे दिवसाला ६. पंधरा दिवसांच्या ९० मिळायच्या. त्यासाठी मी पाच महिन्यांत ११ फेऱ्या मारल्या, चार हजार किलोमीटरच्या वर. आमच्या तालुक्याच्या गावात कुठल्याही मेडिकलवाल्याकडे ती नाही. एकाने तर चिठ्ठी पाहून हातच जोडले, "ताई, नशेचं औषध आहे, पोलिसांची भानगड नको." जवळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर चांगले होते, पण त्यांच्या हातात साधी वेदनाशामक गोळी आणि "धीर धरा". आबांचा अर्धा जबडा काढलेला होता. धीर कशाने धरायचा? पहिले चाळीस दिवस त्यांनी उशी दातांत धरून काढले. उरलेल्या दातांत.

ऑपरेशन आणि शेक (रेडिएशन) महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झाले. त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण योजना भरती असलेल्या रुग्णाची. "आता घरी न्या, करण्यासारखं काही नाही," असं सांगितल्या दिवसापासून आमचं कार्ड निरुपयोगी झालं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आम्हाला हव्या होत्या काही रुपयांच्या गोळ्या, घरी, वेळेवर.

कायदा आड येतो असं मला सगळ्यांनी सांगितलं. म्हणून मी वाचला. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने डॉक्टर धास्तावले, दवाखान्यांना चार-पाच परवाने लागायचे, हे खरं. पण २०१४ साली संसदेने तो बदलला. मॉर्फिनसह ६ औषधं अत्यावश्यक ठरली आणि राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरेशी झाली. अट एवढीच की प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा आणि हिशेब चोख हवा. एका उपजिल्हा रुग्णालयात एक डॉक्टर, एक कपाट, एक वही. हे इतक्या वर्षांत का जमलं नाही? राज्याचं उपशामक सेवेचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णाच्या वेदना कमी करण्याचं, धोरण तर २०१२चं आहे!

नियम सैल करा असं मी म्हणत नाही. माझा मावसभाऊ अमेरिकेत फार्मसिस्ट आहे. तिथे डॉक्टरांनी अशी औषधं सढळ हाताने लिहिली आणि घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली, हे त्याने जवळून पाहिलं. तिथल्या मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विमा योजनेने २०१९ पासून ही औषधं पहिल्यांदा घेणाऱ्याला ७ दिवसांची मर्यादा घातली. पण कॅन्सरच्या आणि अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांना त्यातून वगळलं. एवढं सगळं सोसलेल्या देशालासुद्धा हा फरक कळला.

आणि अफू काय परदेशातून आणायची आहे? ती आपल्याच देशात, शेजारच्या मध्य प्रदेशात सरकारी परवान्याने पिकते, नीमचच्या सरकारी कारखान्यात जाते. तरी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०१७च्या हिशेबाने भारतात गरजेच्या जेमतेम ४ टक्के औषध पोहोचतं. उरलेली माणसं कुठे ओरडतात, साहेब? बंद दाराआड, आमच्यासारख्या गल्ल्यांत.

आबांना हा रोग गुटख्याने झाला. त्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. आमच्या स्टँडसमोरच्या टपरीवर तो आजही मिळतो, मागाल तेव्हा. मग सांगा, तुमची यंत्रणा नेमकी कुणाला घाबरते आणि कुणाला घाबरवते? मला तर दिसतं, की पैसा आहे तिथे कायदा डोळे मिटतो आणि म्हातारा मरायला टेकला की चार कागद मागतो.

प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयाला मान्यता घ्या, डॉक्टरांना प्रशिक्षणाला पाठवा, घरी असलेल्या रुग्णाच्या गोळ्या योजनेत बसवा. उरलेल्या गोळ्या तालुक्यातच जमा करता येऊ द्या, म्हणजे नुकतंच माणूस गेलेल्या घराला त्यासाठी दिवसभर प्रवास करावा लागणार नाही.

परवा पहाटे साडेपाचच्या गाडीने काकू काकांना घेऊन निघणार आहेत. पहिल्या नोंदणीला रुग्ण समोर लागतो. मी सोबत जाते आहे, कारण गोळ्या मिळतात तो कक्ष त्यांना सापडणार नाही. मधल्या दोन रात्री काकांनी कशा काढायच्या, तेवढं कळवा.

आपली,
आबांची धाकटी मुलगी