पाटीमागचं कलम

केप टाऊन, रविवार

चि. अनघास अनेक आशीर्वाद.

भित्तिपत्रकासाठी मागितलेले 'फक्त गोऱ्यांसाठी' छापाच्या पाट्यांचे फोटो मेलने धाडलेत. त्यांखाली नुसतं 'दक्षिण आफ्रिकेतला वर्णद्वेष' लिहून मोकळी होऊ नकोस. वकिली शिकतेस, तर कलम बघ.

वर्णभेदाला सरकारी धोरण करणारा पक्ष १९४८ मध्ये सत्तेवर आला, पण पाट्या त्याच्या आधीपासून होत्या. गोऱ्यांची सोय चांगली, बाकीच्यांची कशीबशी. यावरूनच सरकार कोर्टात अडकलं. केप टाऊन स्टेशनवरच्या गोऱ्यांच्या वेटिंग रूममध्ये शिरल्याबद्दल एका काळ्या माणसावर खटला झाला (लुसू खटला म्हणून शोध). दोन्हीकडच्या सोयींत फार तफावत आहे म्हणून तो सुटला, आणि १९५३ मध्ये वरच्या कोर्टानेही ते उचलून धरलं. मग सोयी सुधारल्या? छे! त्याच वर्षी 'सेपरेट अमेनिटीज' (वेगळ्या सोयी) कायदा आणला: राखीव जागा असमान असली, किंवा इतरांसाठी जागाच नसली, तरी राखीवपणा वैध. म्हणून फोटोत 'फक्त गोऱ्यांसाठी' असा बाक दिसला की दुसरा शोधत बसू नकोस. तो असायलाच हवा असं कायदा म्हणतच नव्हता.

जागा ज्याच्या ताब्यात, पाटी त्याची: कुठे रेल्वे, कुठे नगरपालिका. त्यामुळे मजकूर ठिकठिकाणी वेगळा. बहुतेक पाट्या इंग्रजी आणि आफ्रिकान्समध्ये (डचमधून आलेली इथली भाषा). डर्बनच्या समुद्रकिनाऱ्यावरची १९८९ ची पाटी मात्र झुलूतही आहे, आणि तिच्यावर पोटनियमाचं कलम ३७ स्पष्ट छापलंय. ज्यांना हाकलायचं त्यांच्या भाषेचा मान एवढ्यापुरताच! हा फोटो मोठा लाव.

गोरा कोण, हे १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्यावरून ठरे. वाद झाला तर सुनावणी. केसांत पेन्सिल खोचून ती अडकते की पडते, हेही पाहिलं जाई; अडकली तर गोरा नाही. इथल्या हायकोर्टाच्या जोडइमारतीत अशा सुनावण्या झाल्या. तिच्यासमोरचे 'गोरे' आणि 'बिगरगोरे' लिहिलेले दोन बाक मात्र अलीकडचं स्मारक-शिल्प आहे. नेटवर ते सर्रास 'मूळ बाक' म्हणून फिरतात. तू ती चूक करू नकोस.

आपल्याकडचा धागाही जोड. रत्नागिरीकडून आलेली कोकणी मुसलमान कुटुंबं इथल्या डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीतही राहत. ११ फेब्रुवारी १९६६ ला तो भाग गोऱ्यांसाठी जाहीर झाला आणि साठ हजारांवर माणसं उठवली गेली. भारतीयांसाठी शहरातलाच रायलंड्स हा भाग ठरवून दिला होता. घरं पाडली, पण रस्त्यांच्या नावाच्या पाट्या पाडकामाच्या मुकादमाने जपून ठेवल्या. आज त्या बुइटेनकांट स्ट्रीटवरच्या जुन्या मेथडिस्ट चर्चमधल्या संग्रहालयात टांगल्यात. सरकारी हुकमाच्या पाट्यांशेजारी याही लाव.

'सेपरेट अमेनिटीज' कायदा रद्द झाला ऑक्टोबर १९९० मध्ये. १९९४ लिहू नकोस, ते सगळ्यांना मत असलेल्या पहिल्या निवडणुकीचं साल.

वहिनीला नमस्कार.

तुझा,
काका